मागताना लाजू नये, हमी विकू नये

रविवारच्या उपासनेत पाळक एकदा विचारतात, "प्रार्थनेच्या कोणाच्या विनंत्या आहेत का?" सोलापुरातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलात तरी पुढची पाच मिनिटे साधारण सारखीच जातात. कोणाच्या सासूबाई सिव्हिलमध्ये ॲडमिट आहेत, कोणाच्या मुलाची दहावी आहे, कोणाला पुण्यात नोकरी हवी आहे, एका घरी लग्न जमत नाही. पाळक डोळे मिटून या सगळ्यांना एका लांबलचक वाक्यात ओवतात, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणतात आणि सूचना सुरू होतात. या पाच मिनिटांत जे मागितले जात नाही त्याची यादी मात्र बरीच मोठी आहे. चार-पाच दिवसांनी एकदा येणारे नळाचे पाणी, कारखान्यात बाद ठरलेल्या विड्यांची बुडालेली मजुरी, लूमच्या (यंत्रमागाच्या) मालकाकडून घेतलेली आणि फिटता न फिटणारी उचल, फायनान्सवाल्यांचा हप्ता. हे सगळे बाकांवर येऊन बसलेले असते, फक्त कोणी ते तोंडाबाहेर काढत नाही.

त्याच शहरात संध्याकाळी एखाद्या कार्यालयात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, भरते. तिथे सगळे मागितले जाते, आणि ते मिळालेच असे माइकवरून जाहीरही केले जाते.

पहिल्या ठिकाणचे लोक दुसऱ्यांना हसतात, दुसरे पहिल्यांना मेलेली मंडळी म्हणतात. मला दोघांचेही दुखणे एकच दिसते. देव बाप आहे असे आपण म्हणतो, पण पोर बापाकडे मागते तसे मागण्याचे धाडस दोघांकडेही नाही. एकाला निराशेची भीती वाटते म्हणून तो नेमके काही मागतच नाही. दुसऱ्याला नकाराची भीती वाटते म्हणून तो मागणे सोडून हक्कनामा काढतो.

आधी लाजणाऱ्यांचे बघू, कारण जुन्या मराठी मंडळ्यांत तेच जास्त आहेत. या लाजेची मुळे पश्चिमेतून आलेली नाहीत, ती इथल्याच मातीत आहेत. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. वारकरी परंपरेने मराठी मनावर एक संस्कार खोल केला, की देवाकडे धन, संतती, आरोग्य मागणारी सकाम भक्ती खालच्या पायरीची आणि काहीच न मागणारी वरच्या पायरीची. तुकोबांनी मागितले तेही देवाचा विसर पडू नये आणि संतांचा संग मिळावा, एवढेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि त्या पुलावरून मराठी ख्रिस्ती उपासनेत पुष्कळ सोने आले. पण त्याबरोबर भाकर मागण्याचा संकोचही आला. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे नवसाची रीत आहे. अमुक झाले तर तमुक वाहीन, हा उघड आणि प्रामाणिक करार असतो. ख्रिस्ती माणसाला या करारापासून दूर राहायचे असते, म्हणून तो मागण्यापासूनच दूर सरकतो. वास्तविक येशूने शिकवलेले मागणे या दोन्हींत बसत नाही. त्यात बदल्यात द्यायचे काही नाही, आणि मागायला लाजायचेही कारण नाही.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला क्रम पाहा. आठव्या वचनात येशू म्हणतो, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत. संकोची माणूस इथेच पुस्तक मिटतो: ठाऊक आहे ना, मग सांगायचे कशाला? पण नवव्या वचनापासून तोच येशू प्रार्थना शिकवतो आणि अकराव्यात भाकर मागायला लावतो. पित्याला ठाऊक आहे म्हणूनच लांबलचक बडबड नको, असा त्याचा युक्तिवाद आहे. मागूच नका, असा नाही. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत असतो. त्याला काय हवे हे रस्त्यावरच्या पोरालाही कळले असते. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आणि बार्तीमय कृपा, शांती, आशीर्वाद असले काही मागत नाही. त्याला दृष्टी हवी आहे आणि तो तेवढेच सांगतो.

आता "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" याकडे येऊ. हे वाक्य ख्रिस्ती प्रार्थनेचे शिखर आहे याबद्दल वाद नाही. पण शिखरावर चढून जायचे असते. गेथशेमाने बागेत येशूने आधी नेमके मागितले: हा प्याला माझ्यापासून दूर कर. मग म्हटले: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मत्तयाच्या वृत्तान्तात तो तीन वेळा जाऊन तीच प्रार्थना करतो. आपण पहिला अर्धा भाग गाळतो आणि दुसरा अर्धा सुरुवातीलाच म्हणून मोकळे होतो. काही मागितलेच नाही, तर मिळाले नाही असे म्हणायची वेळ येत नाही. याला आपण समर्पण म्हणतो. खरे तर तो स्वतःचा बचाव असतो, आणि विश्वासाशी त्याचा संबंध फार थोडा असतो.

येशूने शिकवलेल्या या प्रभूच्या प्रार्थनेतल्या भाकरीच्या मागणीत दोन गोष्टी घट्ट बसवल्या आहेत. भाकर आजची मागायची आहे, आणि ती आमची मागायची आहे.

"आज" हे पगारदाराला कळायला अवघड जाते. ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होतो तो ही ओळ सवयीने म्हणतो. विडी वळणारी बाई ती मोजून म्हणते. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते; पाने भिजवणे, कापणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे हे सगळे घरच्या घरी, आणि आजारपणात एक दिवस हात थांबला की त्या दिवसाचे काहीच नाही. लूमवरच्या कामगाराचा हिशेब आठवड्याचा असतो. सुताचा भाव चढला किंवा चादरी-टॉवेलचा उठाव थांबला की मालक पाळ्या कमी करतो. वाळवंटात इस्राएलांना मान्ना, म्हणजे आकाशातून येणारे अन्न, मिळाला तो माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचा, आणि दुसऱ्या दिवसासाठी राखला तर त्यात किडे पडत. अपवाद फक्त सहाव्या दिवसाचा, कारण शब्बाथ या विसाव्याच्या दिवसासाठी दुप्पट गोळा करायचा असे. म्हणजे पुरवठा नियमित होता, माप ठरलेले होते, साठेबाजी चालत नव्हती. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. आपल्या वाट्याची भाकर मागतो, आणि कारणेही देतो. पोट भरले तर देवाला विसरेन, उपाशी राहिलो तर चोरी करीन. इतकी सरळ, व्यवहारी प्रार्थना आपल्या व्यासपीठांवरून क्वचित ऐकू येते.

"आमची" हा त्याहून अडचणीचा भाग. एकाच बाकावर दहा लूमचा मालक आणि त्याच्याच शेडमध्ये काम करणारा कामगार बसलेले असतील, तर दोघे एका तोंडाने एकच भाकर मागत असतात. मालकाची भाकर आली आणि कामगाराची अडली, तर मालकाची प्रार्थना अर्धी राहिली आहे. याकोबाचे पत्र या बाबतीत निर्दय आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, तेल लावा, असे चौदाव्या वचनात सांगितले आहे आणि ते आपल्या सर्वांना पाठ असते. त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात कामकऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे लिहिले आहे. दोन वचनांत दहाच वचनांचे अंतर आहे, तरी तेवढ्यात आपली स्मरणशक्ती जाते.

भाकरीच्या लगेच पुढची ओळ ऋणांची आहे, हेही विसरायला नको. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमची भिंत बांधली जात असताना मध्येच गरिबांचा आक्रोश उठतो: शेते गहाण पडली, द्राक्षमळे गहाण पडले, मुले गुलामीत चालली. नहेम्या तेव्हा वेगळी प्रार्थनासभा भरवत नाही. तो सरदारांना आणि अधिकाऱ्यांना एकत्र बोलावून शेते, घरे आणि व्याज म्हणून वसूल केलेला शंभरावा हिस्सा परत करायला लावतो. आपल्याकडे खासगी सावकारीचा महिन्याचा दर त्या शंभराव्या हिश्शाच्या कितीतरी पट असतो. मंडळीतल्या एखाद्याने मंडळीतल्याच दुसऱ्याला अशा दराने पैसे दिले असतील, तर त्या दोघांच्या कर्जमुक्तीच्या प्रार्थनेचे उत्तर देवाला वेगळे पाठवावे लागणार नाही. ते तिसऱ्या बाकावर बसलेलेच आहे.

आता हमी विकणाऱ्यांकडे. इथे जरा सविस्तर बोलायला हवे, कारण इथे माणसे मरतात.

या शिकवणीची रचना अशी असते. मार्क ११:२४ घ्यायचे, की जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा म्हणजे मिळेल. पंचविसावे वचन सोडून द्यायचे, कारण त्यात प्रार्थनेला उभे राहताना दुसऱ्याला क्षमा करा असे आहे आणि ते सभेच्या उपयोगाचे नाही. मग सांगायचे की लक्षणे म्हणजे सैतानाचे खोटे अहवाल आहेत, त्यांच्याकडे पाहू नका; आपण बरे झालो आहोत असे तोंडाने कबूल करा; गोळी घेतलीत तर तुम्ही अविश्वास कबूल केलात. त्यावर "बीज पेरा" येते: आपल्या विश्वासाच्या मापाने दान द्या, शंभरपट पीक येईल. पूर्वी त्यासाठी पाकीट फिरायचे, आता खुर्चीच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. या व्यवस्थेत उपदेशकाची कधीच हार होत नाही. आजारी बरा झाला तर श्रेय सभेला, नाही झाला तर दोष आजाऱ्याच्या विश्वासाला. नवसात निदान आधी देवाने करायचे आणि मग माणसाने फेडायचे असते. इथे फेड आगाऊ घेतली जाते.

पवित्र शास्त्र या हमीच्या बाजूने साक्ष देत नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आले की माझी कृपा तुला पुरे आहे; काटा राहिला. सोबती त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडले आणि दुसऱ्या तीमथ्याच्या पत्रात ते तसे नोंदवलेही. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, म्हणजे त्या काळचा घरगुती इलाजच सुचवला. हिज्कीया राजाची गोष्ट तर या वादात निकालासारखी आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो, देव ऐकतो आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून देतो. आणि यशया संदेष्टा लगेच अंजिरांची चकती आणून गळवावर बांधायला लावतो. उत्तर मिळाल्यावरही औषध बांधले गेले. यात कोणाला विरोध दिसला नाही.

याकोबाने सांगितलेली रीतही मुळातून वाचावी. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवायचे, वडिलांनी त्याच्याकडे जायचे, तेल लावायचे, प्रार्थना करायची, एकमेकांजवळ पापे कबूल करायची. त्यात मंच नाही, कॅमेरा नाही, पावतीपुस्तक नाही, आणि एक अनोळखी "प्रभूचा दास" येऊन दोन दिवसांत निघून जात नाही. पुढच्या आठवड्यात वडील त्याच गल्लीत असतात. प्रार्थना चालली की नाही हे त्यांना डोळ्यांनी बघावे लागते.

गोळी बंद केली की काय होते तेही नेमके माहीत असायला हवे. क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. नेमक्या याच टप्प्यावर माणूस सभेत उभा राहून साक्ष देतो की प्रभूने मला बरे केले. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच बरे वाटत असते. पण उरलेले जंतू फुप्फुसात असतात, औषध मध्येच थांबले की पुढे औषधाला दाद न देणारा क्षय होण्याचा धोका वाढतो, आणि तोवर घरातल्या एका खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना तो वाटला जातो. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, अशा मधुमेही मुलाचे इंजेक्शन थांबवले तर काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, रक्तात आम्ल साचून ते बेशुद्ध पडते. फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते. रक्तदाबाचे औषध सोडलेल्याला काही महिने काहीच कळत नाही आणि मग एके सकाळी अर्धांगवायू होतो. साक्ष देऊन झाल्यावर हे घडते, म्हणून सभेला ते कधी दिसत नाही.

कायद्याची बाजूही मंडळीच्या पंचांना माहीत हवी. १९५४च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने कर्करोग, मधुमेह, अपस्मार अशा यादीतल्या आजारांवर चमत्कारी उपायाची जाहिरात करणे गुन्हा ठरवले आहे. अभिषेकाच्या तेलाने साखर उतरते असा फलक लावणाऱ्याने तो वाचून पाहावा. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा गुन्हा आहे, आणि साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवणे हाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या धार्मिक विधींना हा कायदा हात लावत नाही, चर्चमधल्या विधींनाही नाही. म्हणजे हा कायदा आपल्या विरोधात आहे असे ओरडण्यात अर्थ नाही. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणे म्हणजे प्रार्थनेविरुद्ध बोलणे, असा कांगावा आपल्याच काही लोकांनी केला आहे, तो थांबवावा.

मग आजाऱ्यासाठी काय मागावे? बरे होणे मागावे, स्पष्ट मागावे, न लाजता मागावे. त्याच दमात औषध पचावे, ते वेळेवर मिळावे, डॉक्टरांना निदान सापडावे, घरच्यांना जागरण सोसावे, खर्च निघावा, हेही मागावे. आणि शेवटच्या दोन मागण्यांसाठी उपासनेनंतर कोणीतरी फोन उचलावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला एक हजार रुपये मिळतात, पण बँक खाते जोडलेले नसेल तर ते अडकतात. रेशनकार्डावर नाव नाही, आधारवर स्पेलिंग वेगळे आहे, अशा फुटकळ कारणांनी मदत अडते. मंडळीतला एक शिकलेला तरुण आणि एक सकाळ एवढ्यावर ती सुटू शकते. "सुखाने जा, ऊब घ्या व तृप्त व्हा" असे म्हणून काहीच न देणाऱ्याला याकोबाने काय म्हटले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पाण्याचेही असेच आहे. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पावसाने ओढ दिली की मंडळ्यांतून उपास-प्रार्थना होतात, आणि व्हाव्यातही. एलीया कर्मेल डोंगरावर वाकला आणि चाकराला समुद्राकडे बघायला सात वेळा पाठवले. तळहाताएवढा ढग दिसताच त्याने अहाबाला रथ जुंपायला सांगितले. मागणाऱ्याची नजर आकाशावर होती आणि ढग आल्यावर काय करायचे हे ठरलेले होते. आपले तसे नसते. उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वरचा साठा मृत आणि ५३ टीएमसीच्या आसपास उपयुक्त. ती मायनसमध्ये गेली की शहर हवालदिल होते. पण ती शंभर टक्के भरली, त्याहूनही वर गेली, तरी शहरातल्या अनेक भागांत नळ रोज येत नाही, हे सोलापूरकराला कोणी सांगायला नको. पावसाची प्रार्थना ऐकली गेली होती. ऐकलेले उत्तर एकशे दहा किलोमीटरच्या जलवाहिनीत, गळतीत आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या समांतर जलवाहिनीच्या फायलींत अडकले. अशा वर्षी पुन्हा पाऊसच मागत बसणे म्हणजे देवाने दिलेले मोजायला नकार देणे आहे. त्या वर्षी मागायचे ते वेगळे असते: महापालिकेच्या आयुक्तांना आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना काम पुरे करण्याची बुद्धी व चिकाटी, ठेकेदाराला लाज, ऊस आणि पिण्याचे पाणी यांत न्याय. पहिल्या तीमथ्याच्या पत्रात अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. आपण ती "राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे" एवढ्यावर उरकतो, कारण पद आणि काम यांची नावे घेतली की पुढे निवेदन घेऊन जावे लागते.

लूक अठरामधली विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते. येशूने हा दृष्टान्त खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी म्हणून सांगितला, हे लूकच लिहितो. पण चित्र कचेरीचे निवडले, हेही लक्षात घ्यावे. सोलापुरात चिकाटीने मागणे कसे असते हे पाहायला चर्चच्या बाहेर जावे लागते. कुंभारीजवळच्या रे-नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला, आणि जानेवारी २०२४मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. त्यामागे विडी आणि लूम कामगारांनी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे काढलेले मोर्चे आणि झिजवलेले उंबरे आहेत. त्यांनी देवाचे नाव घेतले की नाही हा प्रश्न वेगळा. ठोकत राहणे म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा बरे कळले होते.

यावर एक जुना आणि आदरणीय आक्षेप आहे: विश्वासू माणसाने गरज फक्त देवाला सांगावी, माणसांपुढे हात पसरू नये. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी याच तत्त्वावर हजारो अनाथ मुलांना वाढवले, आणि पंडिता रमाबाईंवर त्यांचा प्रभाव होता. सोलापूर-पुणे मार्गावरच्या केडगावात रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला तो प्रार्थनेच्या बळावरच. पण म्युलर आपल्या कामाचे अहवाल नियमित छापत. आणि रमाबाईंनी त्याआधी अमेरिकेत हिंडून, व्याख्याने देऊन, दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन देणारी संस्थाच उभी करून घेतली होती. केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. फक्त देवाकडे मागणाऱ्यांचेही हात असे रिकामे नव्हते. नहेम्याने किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे चारेक महिने, उपास आणि प्रार्थना केली. तो ज्याच्या चाकरीत होता त्या राजाने विचारले तेव्हा मनात एक प्रार्थना केली आणि लगेच यादी सांगितली: ठरावीक मुदतीची रजा, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रे, आणि राजवनाचा रखवालदार आसाफ याला तुळयांच्या लाकडासाठी पत्र. एवढी नेमकी यादी चार महिन्यांच्या प्रार्थनेतच तयार झाली असणार.

म्हणून रविवारच्या त्या पाच मिनिटांची रीत बदलावी असे मला वाटते. विनंत्या उपासनेआधी, दारातच एका वहीत घ्याव्यात. वहीत चार रकाने पुरेत: तारीख, मागणी एका ओळीत, भेटायला कोण जाणार, पुढे काय झाले. घेणाऱ्याने प्रत्येकाला विचारावे, "किती सांगू?" आजाराचे नाव, कर्जाची रक्कम, नवऱ्याची दारू, मुलीचे मोडलेले लग्न हे भर सभेत वाचले गेले की मंगळवारपर्यंत ते अख्ख्या वस्तीत फिरते, आणि पुढच्या वेळी ती बाई काही मागतच नाही. प्रार्थनेची विनंती हे चहाडीचे सर्वांत सोवळे रूप आहे, हे कोणी कबूल करत नाही. कोणाला गुप्त ठेवायचे असेल तर "एका बहिणीचा घरचा प्रश्न" एवढेच म्हणावे. देवाला पत्ता लागतो.

प्रार्थना करणाऱ्याने एका मागणीला एक वाक्य द्यावे. "प्रभू, तुला ठाऊकच आहे की" असे म्हणून देवाला बातम्या सांगू नयेत, आणि प्रार्थनेच्या आडून कोणाला उपदेशही करू नये. कॅथलिक मिस्सामध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर परत आलेल्या विश्वासूंच्या प्रार्थनांचा साचा इथे उपयोगी आहे: एक छोटी मागणी, सर्वांचा एक छोटा प्रतिसाद, मग पुढची. त्यामुळे बाकावरचा माणूस ऐकणारा न राहता मागणारा होतो. क्रम मंडळीपासून सुरू करून शहराकडे न्यावा आणि दर आठवड्याला सार्वजनिक मागणी एकच असावी, पण नेमकी. पाणी, मजुरी, सिव्हिलमधली औषधे, जे काही असेल ते. सहा-सात मागण्यांपेक्षा जास्त झाल्या की लोक मनाने बाहेर निघून जातात. उरलेल्या बुधवारच्या घरसभेला द्याव्यात.

शेवटच्या रकान्याबद्दल मात्र कडक राहावे. "पुढे काय झाले" यात "काही झाले नाही" हेही लिहिले गेले पाहिजे, आणि साक्षीच्या वेळी अधूनमधून वाचलेही गेले पाहिजे. आज साक्ष फक्त ज्यांचे झाले तेच देतात. ज्याचे मूल गेले, ज्याची नोकरी सुटली, ज्याचा क्षय उलटला, तो मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि हळूहळू यायचा थांबतो. स्तोत्रांच्या पुस्तकाने अशांसाठी जागा राखून ठेवली आहे. तेरावे स्तोत्र "हे परमेश्वरा, कोठवर?" असे विचारत सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, त्यात शेवटी उपकारस्तुती नाही. ते उपासनेत वाचले जात नाही, कारण लोक खचतील असे पाळकांना वाटते. पण खचलेले लोक आधीच तिथे बसलेले असतात, आणि जिथे "मिळाले नाही" असे म्हणता येते तिथेच पुढच्या रविवारी पुन्हा मागण्याची हिंमत होते.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, असे पाळक विचारतील. सहलीची वर्गणी, तरुण संघाची क्रिकेट मॅच आणि मागच्या आठवड्याच्या दानाचे आकडे फलकावर लावले की दहा मिनिटे सहज निघतात.